गिरणीवाल्याच्या लेकीला रोमचं काय?

पत्र

आदरणीय मॅडम, सप्रेम नमस्कार.
मी इतिहासात एमए करते आहे, शेवटचं वर्ष. आमचं गाव धाराशिव जिल्ह्यात, तेरपासून जवळ. वडिलांची पिठाची गिरणी आहे. बीएला असताना ज्वालामुखीत गाडल्या गेलेल्या पॉम्पेई या रोमन शहरात सापडलेल्या जळक्या पावाचा फोटो पाहिला आणि तेव्हापासून एकच ध्यास लागला आहे. रोममधली साधी माणसं कशी राहत होती, काय खात होती, दळण कुठे दळत होती, हे मला शिकायचं आहे आणि पुढे हेच शिकवायचं आहे. सम्राट आणि लढायांमध्ये मन रमत नाही. आमचे सर म्हणतात, "रोम करायचंच असेल तर तेर आणि रोमचा व्यापार कर. निव्वळ रोम तुला कोण करू देणार?" बाबा म्हणतात बीएड कर, मामा म्हणतात एमपीएससी दे. मला लॅटिन येत नाही, दहावीपर्यंत संस्कृत होतं. आई म्हणते परदेशी जायचं असेल तर जमीन गहाण ठेवू, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटते. हे वेड सोडून द्यावं का? खरं सांगा.
– गिरणीवाल्याची लेक

उत्तर

प्रिय लेकी,

आधी जमिनीचं. ती गहाण ठेवायची नाही. हा विषय शिकायला कर्ज काढून जाऊ नये, असं मी पंचवीस वर्षं तो शिकवल्यानंतरचं माझं ठाम मत आहे. इंग्लंडमधल्या एका वर्षाच्या एमएची फी आणि राहणं-खाणं मिळून खर्च तीस लाखांच्या पुढे सहज जातो, आणि ती पदवी हातात पडली म्हणून नोकरी मिळतेच असं नाही. शिष्यवृत्ती मिळाली तर जायचं. नाही मिळाली तर त्या वर्षी थांबायचं आणि पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करायचा. आईला हे आजच सांग, म्हणजे तिलाही झोप लागेल आणि तुलाही.

आता वेडाचं. ते सोडू नकोस. तुझ्या पत्रात 'दळण कुठे दळत होती' असे शब्द आहेत ना, तो मला नुसता कुतूहलाचा प्रश्न वाटत नाही. त्यात एक अख्खा प्रबंध आहे, आणि तो तुला सुचला याला तुझ्या बाबांची गिरणी कारण आहे.

रोममधल्या धान्यवाटपाचं प्रकरण तू वाचलं असशील. इ.स.पू. 123 मध्ये गायस ग्राकस या लोकनेत्याने नागरिकांना स्वस्त गहू देण्याचा कायदा केला, इ.स.पू. 58 मध्ये क्लोडियसने तो फुकट केला. ज्युलियस सीझरने यादी तपासली तेव्हा 3,20,000 जण गहू घेत होते. त्याने ती संख्या 1,50,000 वर आणली, आणि ऑगस्टसच्या काळात ती दोन लाखांच्या आसपास राहिली. माणशी महिन्याला पाच मोदियुस, म्हणजे साधारण 33 किलो. पाठ्यपुस्तकात विषय इथेच संपतो: मतं, राजकारण, तिजोरीवरचा भार. पण बघ, मिळायचा तो गहू. तयार पाव वाटायची पद्धत ऑरेलियन सम्राटाच्या काळात, म्हणजे इ.स. 270 नंतर आली. त्याआधी तीनशेवर वर्षं दर महिन्याला लाखो माणसं गव्हाचं ओझं घेऊन घरी जात होती. घर म्हणजे बहुतेकांचं इन्सुलातलं, चार-पाच मजली इमारतीतली एक-दोन खोल्यांची जागा. तिथे ना जातं ठेवायला जागा, ना भट्टी. मग दळून कोण देत होतं? दळणावळ नाण्यांत घेत होते की पिठात? एकदम 33 किलो दळलं तर रोमच्या उन्हाळ्यात ते किती दिवस टिकत होतं? पीठ करताना जी घट येते तिच्यावरून भांडणं होत होती का? आणि गहू मिळायचा तो पुरुष नागरिकाच्या नावावर. नवरा नसलेली बाई काय करत होती?

रेशनचा गहू पिशवीत भरून गिरणीवर आलेल्या बायका तू लहानपणापासून बघते आहेस. पीठ कमी भरलं म्हणून वाद घालणारी, थोडंच दळा म्हणणारी, डब्यावर खूण करून जाणारी, सगळ्या तुला माहीत आहेत. परदेशातल्या मोठ्या विद्यापीठात माझ्याबरोबर शिकलेल्या हुशार मुलांमध्ये गव्हाचं पीठ होताना पाहिलेलं एकही नव्हतं. त्यांना पीठ दुकानात मिळत होतं. तुझ्याकडे हे ज्ञान आयतं आहे, त्याची लाज वाटू देऊ नकोस.

पण एवढ्यावर भागत नाही, आणि इथे मला थोडं कडक व्हावं लागेल.

तू पाहिलास तो फोटो बहुधा मोदेस्तुसच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पावभट्टीतला असेल. 1862 मध्ये तिथल्या भट्टीतून 81 पाव निघाले, इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेत कोळसा झालेले. पण मला तुला दुसऱ्या एका पावाबद्दल सांगायचं आहे. तो शेजारच्या हर्क्युलेनियममधला. त्याच्यावर शिक्का आहे आणि शिक्क्यावर अक्षरं आहेत: 'केलेरिस क्वि. ग्रानी वेरी सेर'. अर्थ असा, 'क्विंतुस ग्रानियुस वेरुसचा गुलाम केलेर, याचा'. संस्कृत आठव. 'केलेरिस' ही षष्ठी आहे आणि 'ग्रानी वेरी' हीसुद्धा षष्ठीच. पाव केलेरचा, आणि केलेर वेरुसचा. एका माणसाची मालकी आणि त्याच माणसावरची मालकी, दोन्ही त्या एवढ्याशा शिक्क्यात विभक्तीच्या प्रत्ययांनी लिहिलेली आहे. भाषांतरात अर्थ पोचतो, पण ही एकावर एक रचलेली षष्ठी तुला लॅटिन आल्याशिवाय दिसणार नाही. आणि ती दिसली की पुढचा प्रश्न आपोआप येतो. केलेर पाव भाजणारा होता, की दुसऱ्याच्या भट्टीत आपला पाव ओळखू यावा म्हणून त्याने शिक्का मारला होता? तुझ्या गिरणीतल्या डब्यांवरच्या खुणा आठवल्या ना? अभ्यासकांचा हा वाद अजून मिटलेला नाही, आणि त्यात तुला बोलायचं असेल तर लॅटिन शिकावंच लागेल.

म्हणून पुढची दोन वर्षं लॅटिनची. घरी बसून, रोज दीड तास, सणावारीसुद्धा. केंब्रिजने शाळांसाठी तयार केलेल्या लॅटिन पाठ्यक्रमाचं पहिलं पुस्तक मिळव; ते सगळं पॉम्पेईतच घडतं, आणि त्यातला केसिलियस हा खराखुरा माणूस आहे. त्याच्या घरात 1875 साली मेणाच्या पाट्यांवर लिहिलेल्या दीडशेवर पावत्या सापडल्या. संस्कृत शिकलेल्याला लॅटिन परकं वाटत नाही. पितृ म्हणजे पातेर, मातृ म्हणजे मातेर, अग्नि म्हणजे इग्निस, विधवा म्हणजे विदुआ. संस्कृतात आठ विभक्ती, इथे सहाच, आणि द्विवचन नाही. तुला ते ओळखीच्या घराच्या मागच्या दाराने शिरल्यासारखं वाटेल. पहिले सहा महिने झाले की स्वतःला प्रामाणिकपणे विचार: प्रत्यय पाठ करताना जीव रमतो का? फोटोवर प्रेम बसणं सोपं असतं. क्रियापदांच्या तक्त्यांवर बसलं तर हा तुझा मार्ग आहे. नाही बसलं तरी काही बिघडत नाही, पण ते एक रुपया न घालवता घरीच कळावं.

त्यानंतर ग्रीक. इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकस गावाच्या उकिरड्यातून 1896 पासून जे पपायरस निघाले, ते बहुतेक ग्रीकमध्ये आहेत: घरभाड्याचे करार, आजारपणाची पत्रं, वाणसामानाच्या याद्या. रोमन साम्राज्यातल्या साध्या माणसाचा आवाज सगळ्यात जास्त कुठे ऐकू येत असेल तर त्या उकिरड्यात. जर्मन आणि इटालियन नुसत्या वाचण्यापुरत्या लागतील. घाबरू नकोस, हे सगळं एकदम करायचं नाही. मी जर्मन शिकले तेव्हा तिशी ओलांडली होती.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. रोमन कवी व्हर्जिलच्या नावावर मोडणारी, पण त्याची नसावी अशी एक छोटी लॅटिन कविता आहे. सिमुलस नावाचा गरीब शेतकरी थंडीत पहाटे उठतो, राखेतला विस्तव फुंकून दिवा लावतो आणि जात्यावर बसतो. एका हाताने धान्य घालतो, दुसऱ्या हाताने जातं फिरवतो, दमला की हात बदलतो. आणि दळता दळता गावाकडची गाणी म्हणून आपला शीण हलका करतो. मग पीठ चाळतो, भाकर थापतो, परसातून लसूण-कोथिंबीर आणून मीठ आणि चीज घालून खलबत्त्यात ठेचतो. ठेचाच म्हण ना! मी हे पहिल्यांदा वाचलं ते एका परक्या देशातल्या ग्रंथालयात, हिवाळ्यात, आणि मला माझी आजी जात्यावर बसलेली दिसली. पण कवीने त्या गाण्यांचे शब्द दिलेले नाहीत. तो फक्त म्हणतो की सिमुलस गात होता. आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्या लाखावर भरल्या. दळणारी बाई सासरबद्दल, विठ्ठलाबद्दल, भावाबद्दल काय म्हणते ते आज आपल्याला शब्दन् शब्द वाचता येतं. रोमच्या दळणाऱ्यांच्या बाबतीत ती जागा रिकामी आहे. त्या रिकाम्या जागेत ओव्या नेऊन कोंबायच्या नाहीत, तसं केलं तर ते संशोधन राहणार नाही. पण तिथे काहीतरी होतं आणि ते हरवलं आहे, हे ज्याने ओव्या ऐकल्या आहेत त्याला जास्त तीव्रतेने कळतं.

आता तुझ्या सरांचं म्हणणं. ते वाईट हेतूने बोलले असं मला वाटत नाही, आणि त्यांच्या बोलण्यात तथ्यही आहे. तेर म्हणजे ग्रीक खलाशाच्या 'पेरिप्लस' या प्राचीन प्रवासपुस्तकातलं तगर. भडोचहून वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, असा त्यात पत्ता दिला आहे, आणि तगरहून जाड्याभरड्या कापडापासून मलमलीपर्यंतचा माल गाड्यांतून बंदराकडे जाई असंही लिहिलं आहे. पॉम्पेईत 1938 साली हस्तिदंताची भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे आणि तिची बहीण शोभावी अशी मूर्ती तुझ्या घराजवळ, तेरच्या लामतुरे संग्रहालयात आहे. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकाडात ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन याची ब्राँझची मूर्ती निघाली. हा विषय सुंदर आहे. तुझं मन तिकडे ओढलं गेलं तर जरूर कर.

पण 'भारतीय आहेस म्हणून एवढंच कर' हे मला मान्य नाही. गी पॉइटवाँ फ्रान्सचे होते. त्यांना मावळातल्या बायकांनी विचारलं नाही की तुम्हाला आमच्या ओव्या कोण करू देणार. बायका गायल्या, त्यांनी लिहून घेतलं, आणि आपल्या साऱ्यांचं भलं झालं. तोच हक्क तुला रोमच्या पावावर आहे. मला एका मुलाखतीत समितीतल्या एका गृहस्थांनी विचारलं होतं, "तुमच्या देशाचा इतका मोठा इतिहास सोडून तुम्ही आमच्याकडे का आलात?" मी तेव्हा गडबडले आणि व्यापार, मिरी, मलमल असं काहीबाही सांगून सुटका करून घेतली. ती नोकरी मिळाली नाही. ते उत्तर दिल्याचं मात्र अजून सलतं. आज कुणी विचारलं तर सांगेन, की मला तुमच्या नळावर पाणी भरणाऱ्या बाईबद्दल जाणून घ्यायचं आहे.

आणि ते खरंच आहे. पॉम्पेईत रस्त्यांच्या कडेला चाळीसेक सार्वजनिक हौद होते. पाणी भरताना लोक कडेवर हात टेकायचे, त्या हातांनी दगड झिजून गुळगुळीत झाला आहे, तिथे आपला हात बरोबर बसतो. माझ्याबरोबरचे लोक पाण्याच्या दाबाबद्दल, शिशाच्या नळांबद्दल बोलत होते. माझ्या मनात आलं: इथे हात टेकायला कोणाला बंदी होती का? 1927 चं महाडचं चवदार तळं ज्याच्या इतिहासात आहे त्याला पाणवठा दिसला की हा प्रश्न पडणारच. उत्तर मात्र रोमच्या पुराव्यातूनच काढावं लागतं, आणि ते आपल्यापेक्षा फार निराळं निघतं. रोममध्ये गुलामाला मुक्त करता येत होतं, आणि रीतसर मुक्त झालेला नागरिक होई. पॉम्पेईतल्या आंप्लियातुस नावाच्या मुक्त गुलामाने भूकंपात पडलेलं इसिस देवीचं देऊळ आपल्या मुलाच्या नावाने पुन्हा बांधून दिलं, आणि तो सहा वर्षांचा मुलगा नगरपरिषदेवर घेतला गेला. तसा शिलालेखच आहे. जातीला असं दार नव्हतं. उलट, मुक्त होईपर्यंत त्या गुलामाच्या देहावर मालकाची जी सत्ता होती, ती वाचताना अंगावर काटा येतो. डिसेंबर 2023 मध्ये पॉम्पेईतल्या एका पावभट्टीची माहिती जाहीर झाली: खिडक्यांना लोखंडी गज, थेट रस्त्यावर उघडणारं दार नाही, आणि फरशीवर खाचा कोरलेल्या, डोळे बांधलेल्या गाढवांनी कुठून फिरायचं ते ठरावं म्हणून. त्याच कोंडवाड्यात माणसंही दळत होती. दुसऱ्या शतकातला लेखक अपुलेयस अशाच ठिकाणच्या माणसांचं वर्णन करतो. कपाळावर अक्षरं डागलेली, पायांत कड्या, डोळे धुराने गेलेले आणि सगळं अंग पिठाने पांढरं. रोजचं जीवन म्हणजे नुसतं छान छान स्वयंपाकघर असं समजून या विषयात येऊ नकोस. तुझ्या आवडत्या पावाचं पीठ त्या गजांच्या आतून येत होतं.

शिकवण्याबद्दल तू एकच ओळ लिहिलीस, पण माझं निम्मं आयुष्य त्यातच गेलं. मी पहिल्या तासाला विंदोलांडाची पाटी घेऊन जायची. उत्तर इंग्लंडमधल्या सैन्याच्या छावणीत, इ.स. 100 च्या आसपास, क्लॉडिया सेवेरा नावाच्या बाईने सल्पिसिया लेपिडिना या मैत्रिणीला वाढदिवसाचं बोलावणं पाठवलं. लाकडाच्या पातळ फळीवर शाईने लिहिलेलं. मजकूर लेखनिकाच्या हातचा, आणि खाली शेवटच्या ओळी तिच्या स्वतःच्या, जरा वेड्यावाकड्या अक्षरात: मी वाट बघेन, ताई. बाईच्या हातची लॅटिन अक्षरं आपल्याला माहीत आहेत त्यांत ही सगळ्यात जुन्यांपैकी. वर्गात त्या अक्षराचा फोटो लावला की सगळी पोरं गप्प होत. मग मी विचारायची, हिला लिहिता येत होतं तर मग लेखनिक कशाला? आणि तास संपेपर्यंत चर्चा थांबत नसे. पण हेही सांगते, की असे तास आठवड्यातून एक-दोनच. बाकी वेळ पहिल्या वर्षाचं व्याकरण, ढीगभर निबंध तपासणं, बैठका, अर्ज. संशोधन उन्हाळ्यात, ते सुद्धा उरलेल्या जिवाने. मला कायमची नोकरी मिळाली तेव्हा मी अडतीस वर्षांची होते. त्याआधी चार शहरांत एकेक वर्षाचे करार केले. आता दिवस आणखी कठीण आहेत. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठाने 2021 मध्ये आपला अभिजात भाषांचा, म्हणजे ग्रीक-लॅटिनचा, विभागच बंद केला, आणि इतरत्रही जागा रिकामी झाली की ती भरलीच जाईल अशी खात्री उरलेली नाही. पीएचडी झाल्यावरसुद्धा तू प्राध्यापक होशीलच असं मी तुला सांगू शकत नाही. मला ते सांगायला आवडलं असतं.

म्हणून इथला पाय घट्ट ठेवून पुढचा टाक. एमए झालं की नेट आणि सेट दोन्ही दे. नेटमध्ये जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिन्याला 37,000 रुपये मिळतात आणि घरात तुझ्या शिक्षणाबद्दलचा आवाज एकदम खाली येतो. बीएडला माझा विरोध नाही, पण तुला कॉलेजात शिकवायचं असेल तर तुझी दोन वर्षं तिथे जाऊ नयेत. तासिका तत्त्वावर काम मिळालं तर घे, पण त्याच्यावर विसंबून राहू नकोस. आपल्याकडे त्या तासांवर माणसांची उमेदीची वर्षं निघून गेलेली मी पाहिली आहेत.

एक वाट तुला कुणी सांगणार नाही, ती मी सांगते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व शिकता येतं, आणि उत्खननात सापडलेलं जळकं धान्य ओळखण्याच्या शास्त्राची तिथे जुनी परंपरा आहे. कोळसा झालेला दाणा भिंगाखाली धरून हा गहू, हे जव, ही बाजरी असं सांगता येणं, ही विद्या जगात कुठेही चालते. हर्क्युलेनियमच्या एका रस्त्याखालच्या गटारातून अभ्यासकांनी मैल्याच्या सातशेवर गोण्या काढल्या आणि त्यातल्या बिया, माशांचे काटे, अंड्यांची टरफलं वेचून वरच्या मजल्यांवरची साधी माणसं काय खात होती ते सांगितलं. दाणा ओळखणारी आणि लॅटिन वाचणारी, अशी दोन्ही येणारी माणसं फार थोडी आहेत. आणि दाण्याचा हात तेरच्या मातीवर बसवता येतो, त्यासाठी विमान लागत नाही. तेरकडे मी तुला या अर्थाने जायला सांगेन.

परदेशासाठी अर्ज दोन वर्षांनी, लॅटिन हाताशी आल्यावर. फेलिक्स शिष्यवृत्ती मुख्यतः भारतीय विद्यार्थ्यांसाठी आहे आणि ती ज्या विद्यापीठांत चालते त्यांत ऑक्सफर्ड आणि रेडिंग आहेत. दोन्हीकडे हा विषय चांगला शिकवतात. अमेरिकेतल्या चांगल्या विद्यापीठांत पीएचडीला फी माफ असते आणि विद्यावेतन मिळतं, पण तिथे लॅटिन आणि ग्रीक दोन्ही पक्क्या लागतात आणि पाच-सहा वर्षं जातात. तुझ्या प्रवर्गाप्रमाणे राज्य आणि केंद्र सरकारच्या परदेशी शिष्यवृत्त्या बघ. यात एक लक्षात ठेव: केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीने 2022 मध्ये भारताचा इतिहास आणि संस्कृती हे विषय वगळले. म्हणजे तुझ्या सरांना जो विषय सुरक्षित वाटतो तोच तिथे अडला असता आणि रोम चाललं असतं. नियम बदलत राहतात, दरवर्षी मूळ जाहिरात नीट वाचत जा.

मामांना एमपीएससीबद्दल नम्रपणे नाही म्हण. ज्या परीक्षेला जीव ओतून पाच वर्षं द्यावी लागतात ती अर्ध्या मनाने देऊ नये.

राहिले बाबा. त्यांना वाटतं आहे की तू त्यांच्यापासून लांब, त्यांना न कळणाऱ्या जगात निघालीस. तर असं कर. रोममध्ये पोर्ता माज्जोरे या वेशीपाशी एउरिसाकेस नावाच्या पाववाल्याची कबर आहे, इ.स.पू. पहिल्या शतकातली. ती नंतरच्या बुरुजाखाली गाडली गेली होती, 1838 मध्ये बुरूज पाडला तेव्हा पुन्हा उजेडात आली. त्याने कबरीवर ना देव कोरले ना लढाया. त्याने आपलं काम कोरून घेतलं: गहू मोजून घेणं, गाढवांनी दळणं, चाळणं, कणीक मळणं, भट्टी, आणि शेवटी तराजूत पाव तोलणं. त्याची बायको अतिस्तिया हिच्या अस्थी 'या पावाच्या टोपलीत' ठेवल्या आहेत असा तिथे लेख आहे. त्या कोरीव पट्टीचे फोटो मोठे करून छापून घे. बरोबर पॉम्पेईच्या जात्याचाही फोटो घे: खाली शंकूसारखा उभा दगड आणि त्यावर डमरूसारखा पोकळ दगड, वरून धान्य घालायचं आणि खालून पीठ गळायचं. दुपारी गिरणीवर गर्दी नसते तेव्हा बाबांसमोर ठेव.

आणि त्यांना विचार, या आकाराच्या दगडाला टाकी लावायची तर ती कुठून लावायला सुरुवात करतील, दोन दगडांमधलं अंतर कसं राखतील, आणि गाढवाच्या चालीने दिवसाला किती दळण निघेल. ते जे सांगतील ते वहीत जसंच्या तसं, त्यांच्या शब्दांत, तारीख घालून उतरवून घे. एक प्रत मला पाठव. डमरूसारखा तो वरचा दगड झिजला की उलटा करून पुन्हा वापरत असावेत असं मी ऐकलेलं आणि शिकवलेलं आहे, पण गिरणी चालवणाऱ्या माणसाला ते पटतं का, हे मला कधी कुणाला विचारता आलं नाही.

तुझी,
मॅडम